सयाजीराव नांवाचा घोडा

ठाण्यांतील आमचा जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठवावयाची असें ठरलें, आणि गेल्या चैत्रांत माळ्यावरच्या ट्रंका एकेक करून खालीं उतरल्या. कल्हई उडालेलीं भांडीं, वाळवी लागलेल्या पोथ्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे असा चार पिढ्यांचा संसार ओटीवर पसरला असतां एका पत्र्याच्या पेटींत तांबड्या खारव्यांत बांधलेली एक वही निघाली. ती दिसतांच घरांतील वडील माणसें गप्प झालीं. वही आमच्या धाकट्या चुलत्यांची होती, आणि तींत घोड्यांचीं नांवें होतीं.

माझा नातू इयत्ता सातवींत आहे. त्याला या मौनाची कल्पना नव्हती. त्यानें खारवा सोडला, पहिलें पान उघडलें, आणि तेथें ठळक अक्षरांत लिहिलेलें नांव वाचून मला विचारलें, “आजोबा, सयाजीराव म्हणजे बडोद्याचे महाराज ना? मग येथें त्यांच्या वडिलांचें नांव निआर्को असें कां लिहिलें आहे?”

आम्हीं सर्व हंसलों. पण माझी धाकटी भावजय हंसली नाहीं. ती म्हणाली, “भावोजी, ती वही आधीं बंबांत घाला. त्या वहीनें या घराचें काय केलें तें मुलांना कळायला नको.”

तिचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. आमचे हे चुलते मुंबईस एका कचेरींत कारकून होते. स्वभावानें गोड, हिशेबाला पक्के, विष्णुसहस्रनाम तोंडपाठ. हिंवाळा लागला कीं सुट्टीच्या दिवशीं जेवण आटोपून ते दादरास कीर्तनाला म्हणून निघत. ठाण्याहून दादर गांठावें, तेथें गाडी बदलावी, कीं महालक्ष्मी फार दूर नाहीं. तें कीर्तन कोणतें, याचा घरांत उलगडा झाला तो १९६४ च्या दिवाळींत. पाडव्याच्या दिवशीं काकूंच्या हातांत पाटल्या नव्हत्या. मी तेव्हां पांच वर्षांचा असेन. पण ओटीवर आजोबा बसले होते ती जागा, आणि खालीं मान घालून उभे असलेले चुलते, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलेलें नाहीं. आजोबांनीं त्या दिवसापासून धाकट्या मुलाशीं बोलणें सोडलें. दोघे एकाच पंगतीस बसत; निरोप न्यावयाचा तो आम्हां मुलांनीं. आजोबा वारले तोंपर्यंत, म्हणजे नऊ वर्षें, हा क्रम चालला. चुलते पुन्हां कधीं महालक्ष्मीस गेले नाहींत. तरी घोड्याचें नांव आमच्या घरांत निषिद्ध झालें तें झालेंच.

वही मीं बंबांत घातली नाहीं. ती वाचून काढली, आणि या महिन्याचें हें सदर पहिल्या पानावरील त्या घोड्यास द्यावयाचें ठरविलें. माणसाच्या अपराधांत घोड्याचा वांटा नसतो.

चुलत्यांनीं आरंभीं वंश दिला होता, आणि तें योग्यच आहे. अमरकोशांत कुलीन घोड्यास ‘आजानेय’ असा स्वतंत्र शब्द आहे. कुलाची ही पारख आपल्याकडे जुनी आहे. परंतु इंग्रजांनीं शर्यतीच्या घोड्यांची जी वंशावळ ठेविली आहे, ती पाहून गोत्रप्रवर सांगणाऱ्या भिक्षुकानेंहि तोंडांत बोट घालावें. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा पूर्वार्ध या काळांत पूर्वेकडून इंग्लंडांत आणलेल्या तीन घोड्यांपैकीं कोणा एकापर्यंत आजच्या प्रत्येक अस्सल शर्यतीच्या घोड्याचें पितृकुल जाऊन पोंचतें. सयाजीरावाचा बाप निआर्को हा १९३५ सालीं इटलींत जन्मला, चौदा शर्यती धांवला आणि चौदाहि जिंकला. १९३८ सालीं त्याला साठ हजार पौंडांस कोणी घेतलें असेल? एका इंग्रज पैजवाल्यानें, म्हणजे बुकीनें. लोक हरतात त्या पैशाचें पुढें काय होतें, याचें इतकें उघड उत्तर क्वचित् मिळतें. दुसऱ्या महायुद्धांत बाँब पडूं लागले तेव्हां न्यूमार्केट येथें या घोड्यासाठीं स्वतंत्र खंदक बांधला होता.

आई रोझी लेजंड. तिला निआर्कोपासून १९४२ सालीं दान्ते नांवाचा मुलगा झाला, आणि १९४४ सालीं आपला सयाजीराव. दान्तेनें १९४५ सालीं डर्बी जिंकली. पण त्याच हंगामांत त्याची दृष्टि मंदावूं लागली होती. त्या वर्षींची सेंट लेजर ही शर्यत त्याला धांवतां आली नाहीं, आणि पुढें तो पूर्ण आंधळा झाला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

भाऊ डर्बी जिंकलेला, म्हणून धाकट्याचा भाव चढला. १९४५ सालीं हें एक वर्षाचें शिंगरूं लिलावांत आलें, आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनीं तें अठ्ठावीस हजार गिनींस घेतलें. एका वर्षाच्या घोड्यास इतकी किंमत इंग्लंडांत तोंवर कोणी दिली नव्हती. नातवाला मीं हा हिशेब पाटीवर घालून दिला. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हां अठ्ठावीस हजार गिनींचे २९,४०० पौंड. रुपया त्या काळीं दीड शिलिंगाचा, म्हणजे पौंडाचे तेरा रुपये आणि वर एकतृतीयांश. एकंदर ३,९२,००० रुपये. आणि हें सारें ज्यानें अद्याप पाठीवर खोगीरहि घेतलें नाहीं अशा पोरावर!

प्रतापसिंहराव या क्षेत्रांत नवखे मात्र नव्हते. महालक्ष्मीचें मैदान १८८३ पासूनचें. त्याआधीं मुंबईच्या शर्यती भायखळ्यास होत. महालक्ष्मीस १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली ती जिंकणारी घोडी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही त्यांचीच, आणि तिच्यावरचा स्वार एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. युद्ध संपल्यावर महाराजांनीं आपला पसारा विलायतेस हलविला. न्यूमार्केट येथील वॉरन प्लेस हें आवार घेतलें, सॅम आर्मस्ट्राँग यांस शिक्षक नेमलें, ब्रिटलाहि तिकडे नेलें. नव्या शिंगरूंचें नांव ठेविलें सयाजीराव, म्हणजे प्रत्यक्ष आजोबांचें.

येथें मीं थबकलों. सयाजीराव महाराज म्हटले कीं माझ्यासारख्या शिक्षकाचे हात आपोआप जोडले जातात. नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या साध्या शेतकरी घरांतला मुलगा १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. त्यानें १९०६ सालीं आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, गांवोगांवीं ग्रंथालयें काढलीं, आणि १९१६ पासून प्राच्य ग्रंथमाला सुरू करून राजशेखराच्या काव्यमीमांसेसारखे ग्रंथ आम्हां संस्कृतवाल्यांच्या हातीं दिले. डॉ. आंबेडकरांस १९१३ सालीं अमेरिकेस धाडणारी शिष्यवृत्ति याच दरबारची. असें नांव घोड्यास? आमच्या घरांत गाईला गंगा-यमुना म्हणत, पण कोणी बैलास आजोबांचें नांव दिल्याचें ऐकिवांत नाहीं. अर्थात् क्षत्रियांचें घोड्याशीं नातें निराळें, हेंहि खरें. जेथें घोडा हाच प्राणसखा, तेथें त्यास आवडतें नांव देण्यांत अवमान नसेल. मी या प्रश्नाचा निकाल लावूं शकलों नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरीं लावावा.

आतां त्याची कामगिरी. तीन वर्षांच्या घोड्यांच्या इंग्लंडांत पांच अभिजात शर्यती असतात. त्यांपैकीं दोन केवळ घोड्यांसाठीं राखलेल्या. पुरुष घोड्याच्या वांट्यास मुख्यतः तीन येतात: वसंतांत एका मैलाची टू थाउजंड गिनीज, उन्हाळ्यांत दीड मैलाची डर्बी, आणि सप्टेंबरांत पावणेदोन मैलांहून किंचित् लांब अशी सेंट लेजर. पहिलीला वेग लागतो, शेवटचीला दम.

१९४७ च्या वसंतांत पहिली शर्यत झाली. ट्यूडर मिन्स्ट्रेल नांवाच्या घोड्यानें ती आठ घोड्यांच्या लांबीनें जिंकली. सयाजीराव तिसरा. मग लिंगफील्ड येथें डर्बीची पूर्वपरीक्षा म्हणून मानलेली शर्यत त्यानें जिंकली, आणि जूनमध्यें खुद्द डर्बीस तो उभा राहिला. ट्यूडर मिन्स्ट्रेल आतां हरतच नाहीं अशा समजुतीनें लोकांनीं त्याच्यावर घरेंदारें लावलीं होतीं. तो चवथा आला. चाळीसास एक भावाचा, कोणाच्या ध्यानींमनीं नसलेला पर्ल डायव्हर नांवाचा घोडा पहिला. आगाखानांचा मिगोली दुसरा. आणि सयाजीराव पुन्हां तिसरा.

तीन लाख ब्याण्णव हजारांचा घोडा दोनदां तिसरा येतो, तेव्हां लोक काय बोलत असतील याची कल्पना करावी. मला मात्र वर्गांतील कांहीं मुलें आठवलीं. सहामाहीला तिसरा, वार्षिकाला तिसरा. बाप निराश होतो, मास्तर होत नाहीं. कारण प्रश्नपत्रिका जसजशी लांब व अवघड होत जाते, तसतसा हा मुलगा वर येतो हें मास्तरांनीं पाहिलेलें असतें. सयाजीराव या जातीचा होता. त्याचें बळ आरंभींच्या झेपेंत नव्हतें. इतर थकतात तेथून त्याचें धांवणें सुरू होई.

त्या जूनच्या अखेरीस तो आयर्लंडास गेला आणि करा येथील मैदानावर आयरिश डर्बी जिंकून आला. आणि मग सप्टेंबरांत डॉन्कास्टरची सेंट लेजर. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिना होत होता. डर्बींत त्याच्या पुढें गेलेला मिगोली येथेंहि होता. फ्रान्सहून मार्सेल बूसाक या गिरणीमालकाचा आर्बार आला होता, जो पुढल्याच वर्षीं अ‍ॅस्कटचा सुवर्णचषक घेऊन गेला. ब्रिट स्वार. सयाजीराव आणि आर्बार यांच्यांत शेवटच्या खांबापाशीं अंतर पडलें तें केवळ डोक्याएवढें. पण तें सयाजीरावाच्या बाजूनें पडलें. मिगोली तिसरा. जी शर्यत दोन वर्षांपूर्वीं सख्ख्या भावाला डोळ्यांपायीं सोडावी लागली, ती धाकट्यानें जिंकली. वहींत या ठिकाणीं चुलत्यांनीं तांबड्या शाईनें दोन रेघा ओढल्या आहेत. ते तेव्हां तेवीस वर्षांचे होते, नुकते नोकरीस लागलेले. मला वाटतें, त्यांचें सारें पुढचें त्या दोन रेघांतून निघालें.

१९४८ च्या जूनमध्यें रॉयल अ‍ॅस्कट येथें हार्डविक स्टेक्स जिंकून त्यानें आपली कारकीर्द शोभेशी केली. त्याच वर्षींच्या वसंतांत महाराजांच्या माय बाबू नांवाच्या दुसऱ्या घोड्यानें टू थाउजंड गिनीज मारली होती. पुढें सयाजीराव वंशवृद्धीसाठीं ठेविला गेला, आणि येथेंहि रक्तांतला दम दिसला. त्याची मुलगी ग्लॅडनेस १९५८ सालीं अ‍ॅस्कटचा सुवर्णचषक जिंकली, तो अडीच मैलांचा. त्याचा मुलगा इंडियाना यानें १९६४ सालीं बापाचीच सेंट लेजर जिंकली. १९६६ सालीं सयाजीराव गेला.

मालकाची कथा इतकी सरळ नाहीं. संस्थानच्या खजिन्यांतून काढलेल्या रकमा व जडजवाहीर यांवरून महाराजांचें प्रजेशीं आणि नव्या भारत सरकारशीं बिनसलें. १ मे १९४९ रोजीं बडोदें मुंबई इलाख्यांत विलीन झालें. १९५१ सालीं सरकारनें त्यांची गादीवरील मान्यता काढून घेतली, आणि मुलगा फत्तेसिंहराव गादीवर आला. प्रतापसिंहराव १९६८ सालीं लंडनांत वारले. परंतु विलीनीकरणाच्या उंबरठ्यावर, १९४९ मध्येंच, आजोबांच्या नांवें बडोद्यास विश्वविद्यालय काढलें तेंहि याच राजानें. एक सयाजीराव घोडा, एक सयाजीराव विश्वविद्यालय. देणारा हात एकच. आमचे आजोबा म्हणत कीं राजाची उधळपट्टी ती रसिकता आणि कारकुनाची तें व्यसन, असा दुजाभाव जग करतें. मी त्यांच्याशीं सहमत आहें. फक्त त्यांनीं स्वतः तो न्याय मुलाला लावतांना कारकुनाचाच भाग तेवढा लावला.

भावजयीच्या बोलण्याकडे आतां वळतों. पैज हें घोड्याचें जुनें लफडें आहे. कद्रू आणि विनता या दोघी सवतींनीं उच्चैःश्रव्याच्या शेंपटीच्या रंगावर पैज घेतली. हरेल तिनें दासी व्हावें. त्या पैजेंतहि लबाडी झालीच. पण या बाबतींत मला खरा बोध वाटतो तो नलाच्या आख्यानांत. नलाला अश्वहृदय येत होतें, घोड्याचें मन तो जाणे. तरी राज्य गेलें तें फाशांत. पुढें ऋतुपर्णाचा रथ हांकतांना त्यानें आपली अश्वविद्या देऊं करून त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचें गणित, शिकून घेतलें. आणि तें कळल्या क्षणीं कलि त्याच्या अंगांतून बाहेर पडला. घोडा कळणें एक आणि फासा कळणें दुसरें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे, असा निर्णय दिला. तो मला मान्य आहे. चुलत्यांची वही म्हणजे त्या कौशल्याचा पुरावाच आहे. वंश, वजन, मैदान ओलें कीं कोरडें, स्वार कोण, सर्व टिपलेलें. पण कौशल्य असून माणूस कां बुडतो, हें त्यांच्या वहींत कोठेंच नाहीं.

तें मीं नातवाला सांगितलें. मैदानावरील यंत्रांत सर्वांचे पैसे एकत्र होतात. त्यांतून आधीं कर व चालकांचा वांटा कापतात, आणि उरेल तें जिंकणाऱ्यांत वांटतात. समजा शंभरांतून वीस कापले. उरलेले ऐंशी तेच लोक पुन्हां लावतात, पुन्हां पंचमांश जातो. पांच शर्यतींनंतर शंभरांचे तेहतीसहि राहत नाहींत. घोडा कोणताहि जिंको. एकाचें गेलेलें दुसऱ्यास पुरतेंपणीं मिळतच नाहीं. नातवानें स्वतः गुणाकार करून ३२ रुपये ७७ पैसे असें उत्तर काढलें, आणि भावजयीला दाखविलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण वही बंबांत घालण्याचा विषयहि तिनें पुन्हां काढला नाहीं.

काकू आतां ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि आमच्याकडेच डोंबिवलीस असतात. चुलते १९८८ सालीं गेले. वही काकूंना दाखवावी कीं नाहीं, यावर घरांत दोन दिवस खल झाला. शेवटीं नातवानेंच ती त्यांच्या मांडीवर नेऊन ठेविली. काकूंनीं पहिलें पान पाहिलेंच नाहीं. वही उलटी केली आणि मागून उघडली. आम्हां कोणालाहि हें सुचलें नव्हतें. मागल्या पानांवर ‘पाटल्या’ असें शीर्षक होतें, आणि खालीं महिनेवार जमा. दिवाळी १९६४ पासून पांच वर्षें दरमहा पांच रुपये. पुढें चार वर्षें सात. पुढें चार वर्षें दहा. दिवाळी १९७७ ला बेरीज मारली होती: १,११६ रुपये.

मीं विचारलें, “काकू, तुम्हांला हें माहीत होतें?”

“दर पहिल्या तारखेला माझ्यासमोर लिहीत असत,” काकू म्हणाल्या. “मामंजींना सांगूं नको म्हणाले. मामंजी गेले, मग कोणाला सांगायचें? तोंवर सोनें कुठच्या कुठें गेलें. एवढ्यांत एकच पाटली झाली रे. एक पाटली घालून हिंडायचें कसें? ठेवली होती तशीच. तुझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नांत मोडून तिच्या मंगळसूत्रांत घातली.”

माझी बहीण कल्याणास असते. तिला मीं त्याच रात्रीं कळविलें. ती बराच वेळ कांहीं बोलेना.

नातू मात्र अजून आपल्याच प्रश्नावर होता. त्यानें पहिलें पान काढून काकूंपुढें धरलें आणि विचारलें, “पणजी, तुम्हीं हा घोडा पाहिला होता का?”

“मी कुठली पाहायला! विलायतेंतला तो,” काकू म्हणाल्या. “पण नांव ठाऊक आहे मला. झोपेंत घेत असत.”